दीड मासा वजनाचं यान

रद्दीवाल्याच्या हातात तो स्प्रिंगचा काटा असतो ना, वर कडी आणि खाली आकडा, तसला एक काटा घेऊन आपण ६७पी नावाच्या धूमकेतूवर गेलो आहोत, असं समजा. त्या आकड्याला फिली नावाचं यान अडकवायचं. पृथ्वीवर हे यान शंभर किलोचं, वॉशिंग मशीनएवढं. जिन्यावरून न्यायचं झालं तर तीन-चार जण लागतील. धूमकेतूवर मात्र काटा जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास थांबेल. सोनाराच्या जुन्या हिशेबात साधारण दीड मासा. नाकातल्या चमकीपेक्षा जास्त, नथीपेक्षा कमी. (तराजू नेऊन मात्र उपयोग नाही. तिथे पारड्यातली मापंही तितकीच हलकी होतील आणि तराजू मुकाट्याने शंभर किलोच दाखवील.)

या प्रकरणात पुढे जे काही घडतं, ते त्या दीड माशामुळे घडतं. चंद्रावर किंवा मंगळावर यान उतरवताना काळजी असते ती ते आपटेल याची. धूमकेतूवर आपटण्याची भीती नसते. भीती असते ती उतरलेलं यान तिथे न टिकण्याची.

मुळात धूमकेतूवर उतरायचं कशाला? आकाशात दिसतो तो त्याचा पिसारा, लाखो किलोमीटर पसरलेली धूळ आणि वायू. ज्याच्यातून हे सगळं निघतं तो गाभा, शास्त्रीय भाषेत केंद्रक, अवघ्या काही किलोमीटरांचा असतो. सूर्यमाला तयार होत असताना, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी, जो बर्फ, जी धूळ आणि जी कार्बनी संयुगं आसपास होती, ती या गाभ्यात गोठून राहिली आहेत. पृथ्वीवरचा खडक वितळला, दबला, झिजला, पुन्हा घडला. त्याला स्वतःचं बालपण आठवत नाही. धूमकेतूला आठवतं. १९८६मध्ये युरोपचं जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूपासून ५९६ किलोमीटरवरून गेलं आणि माणसाने धूमकेतूचा गाभा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. काळाकुट्ट, ओबडधोबड, जागोजागी फवारे सोडणारा. पण ते धावत्या गाडीतून गाव बघण्यासारखं होतं. पुढची पायरी म्हणजे गावात उतरून चार दिवस राहायचं.

ते गाव कोणतं, हे मात्र ऐनवेळी बदललं. युरोपीय अंतराळ संस्थेने, म्हणजे ईसाने, रोझेटा मोहीम आखली ती विर्तानेन नावाच्या धूमकेतूसाठी. उड्डाण जानेवारी २००३मध्ये ठरलं होतं. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २००२मध्ये, एरियान ५ रॉकेटचं एक नवं रूप उड्डाणात निकामी झालं आणि रोझेटाला थांबवावं लागलं. धूमकेतू कोणासाठी थांबत नाहीत. विर्तानेनची वेळ टळली. मग शोधाशोध करून दुसरा धूमकेतू निवडला : ६७पी, चुर्युमोव–गेरासिमेन्को.

या धूमकेतूचा शोधही गमतीचा आहे. सप्टेंबर १९६९मध्ये स्वेतलाना गेरासिमेन्को यांनी अल्मा-अताच्या वेधशाळेतून एका वेगळ्याच धूमकेतूचा फोटो घेतला होता. त्या फोटोची काच कीव्हला नेल्यावर क्लिम चुर्युमोव यांनी ती तपासली. कडेजवळ एक अंधूक ठिपका होता; तो अपेक्षित धूमकेतूच असेल असं आधी वाटलं. महिन्याभराने हिशेब केला तर तो ठिपका जिथे असायला हवा होता तिथून जवळजवळ दोन अंश बाजूला! म्हणजे हा पाहुणा दुसराच. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५९मध्ये, तो गुरूच्या जवळून गेला होता आणि गुरूने त्याची कक्षा ओढून आत आणली होती. तोवर सूर्यापासून आताच्या दुपटीहून जास्त अंतरावरूनच तो माघारी फिरत असे. एरवी तो दिसलाही नसता.

धूमकेतू बदलला, पण रोझेटाबरोबर जायचं फिली तयार होऊन बसलेलं होतं. ते घडवलं होतं छोट्या विर्तानेनच्या हिशेबाने. नवा धूमकेतू मोठा, म्हणून उतरण्याचा वेगही जास्त. पायांच्या रचनेत थोडा फेरफार करून तेच यान पाठवलं. बस्ता एकीसाठी बांधला आणि लग्न दुसरीशी लागलं, असाच हा प्रकार. शिवाय पृष्ठभाग कसा असेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भुसभुशीत असेल तर यान रुतेल, काँक्रीटसारखा असेल तर उसळेल. रचनाकारांना दोन्हींची सोय एकाच यंत्रात करायची होती.

ती त्यांनी तीन तऱ्हांनी केली. तिन्ही पायांच्या तळव्यांत स्क्रू, ते टेकताच बर्फात घुसावेत. पोटाखाली दोन हार्पून, व्हेल मारण्यासाठी वापरायचे त्या जातीचे, दोरी लावलेले. ते जमिनीत मारायचे आणि दोरी गुंडाळून यान खाली खेचायचं. आणि डोक्यावर थंड वायूचा एक झोत, हार्पून सुटताना धक्क्याने यान वर जाऊ नये म्हणून त्याला खाली दाबून धरणारा. स्क्रू, हार्पून, झोत. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

२ मार्च २००४ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून रोझेटा निघालं, फिलीला पाठीला बांधून. पुढची दहा वर्षं मी भराभर सांगतो. थेट गुरूच्या टापूपर्यंत फेकेल इतकं ताकदीचं रॉकेट नव्हतं, म्हणून गोफणीसारखं तीनदा पृथ्वीभोवती आणि एकदा मंगळाभोवती वळून वेग घेतला. वाटेत स्टाइन्स आणि लुटेशिया हे दोन लघुग्रह पाहिले. युरोपकडे अणुऊर्जेवरची वीजपेटी नव्हती. सगळी भिस्त टोकापासून टोकापर्यंत ३२ मीटर पसरलेल्या सोलर पॅनेलवर. सूर्यापासून सुमारे ८० कोटी किलोमीटरवर, जिथे ऊन पृथ्वीच्या चार टक्केच पडतं, तिथे पॅनेलंही पुरेनात. म्हणून जून २०११मध्ये यानाला झोपवलं. ३१ महिने त्याच्याकडून एक शब्द नाही. आत चार गजर लावून ठेवलेले. २० जानेवारी २०१४ला जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या नियंत्रण कक्षात मंडळी पडद्यावरच्या सपाट रेषेकडे बघत बसली होती. ठरलेली वेळ संपत आली आणि ग्रीनिच वेळेनुसार सहा वाजून अठरा मिनिटांनी त्या रेषेतून एक काडी वर आली. यान जागं झालं होतं.

धूमकेतू जवळ येऊ लागला तसे त्याचे फोटो स्पष्ट होत गेले आणि सगळ्यांचे चेहरे पडले. बटाट्यासारखा काहीतरी गोळा असेल अशी अपेक्षा होती. निघालं ते दोन गोळ्यांचं : एक चार किलोमीटरचं अंग, त्यावर अडीच किलोमीटरचं डोकं, मध्ये बारीक मान. बाथटबमधल्या रबरी बदकासारखं, असं सगळ्या जगाने म्हटलं. मला स्वतःला तो अर्धवट मळून टाकून दिलेल्या कणकेच्या गोळ्यांसारखा वाटतो, एकमेकांना चिकटलेल्या. दोन वेगळे धूमकेतू फार हळू येऊन एकमेकांना टेकले आणि तसेच राहिले, असं पुढे थरांच्या अभ्यासातून दिसलं. कडे, भेगा, शिळा, धुळीची मैदानं. उतरायला सपाट जागा जवळपास नाहीच.

६ ऑगस्ट २०१४ला रोझेटा पोहोचलं आणि तीन महिन्यांत जागा निवडायची होती. पाच जागांतून डोक्यावरची ‘जे’ ही जागा पक्की झाली. तिचं बारसं लोकांकडून सुचवण्या मागवून केलं : अगिल्किया. या नावामागे गोष्ट आहे. फिली हे नाईल नदीतलं एक बेट. तिथल्या एका स्तंभावरची ग्रीक आणि चित्रलिपीतली नावं ताडून प्राचीन इजिप्तची लिपी उलगडायला मदत झाली. रोझेटाची शिळा तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. आस्वानच्या धरणाने फिली बेट पाण्याखाली जाऊ लागलं, तेव्हा तिथली देवळं दगड-दगड सुटा करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारली. देवळांचं पुनर्वसन. तर यान फिली, त्याची नवी वस्ती अगिल्किया. नाव देणाऱ्याला पुढची गोष्ट कळली असती, तर त्याने हात आखडता घेतला असता.

१२ नोव्हेंबर २०१४. आदल्या रात्रीच्या तपासणीत डोक्यावरचा वायूचा झोत सुरूच होईना. तीनपैकी एक आधार गेला. दुरुस्तीला कोणी जाणार नव्हतं, आणि थांबून तो बरा होईल असंही नव्हतं. मंडळींनी ठरवलं, सोडून द्यायचं. सकाळी साडेआठच्या सुमारास (ग्रीनिच वेळ) फिली रोझेटापासून सुटलं, धूमकेतूच्या मध्यापासून साडेबावीस किलोमीटरवर. त्यानंतर त्याला इंजिन नाही, सुकाणू नाही. सुटण्याची दिशा आणि वेग बरोबर असेल तर ते पोहोचणार, नाहीतर नाही. साडेबावीस किलोमीटर पडायला सात तास लागले.

संदेश यायला २८ मिनिटं लागत होती. पृथ्वी ५१ कोटी किलोमीटरवर. चार वाजून तीन मिनिटांनी, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, टेकल्याचा संदेश आला. डार्मश्टाटमध्ये मिठ्या, टाळ्या, डोळ्यांत पाणी. नेम अचूक होता : ठरलेल्या बिंदूपासून फक्त सुमारे १२० मीटर बाजूला.

आणि टाळ्या वाजत होत्या तेव्हा यान हवेत होतं. हवा तिथे नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.

हार्पून सुटलेच नव्हते. आज्ञा गेली होती, बार उडाला नाही. स्क्रूंनी पकड घेतली नाही. झोत तर आधीच गेलेला. तीनही आधार गेले आणि उरला फक्त दीड मासा. यान सेकंदाला एक मीटर वेगाने आलं होतं. या धूमकेतूचा मुक्तिवेग, म्हणजे ज्या वेगाने वर गेलेली वस्तू परत येत नाही तो, साधारण तेवढाच आहे. जमीन दगडासारखी असती आणि यान चेंडूसारखं उसळलं असतं, तर ते कायमचं गेलं असतं. पण वरचा थर भुसभुशीत होता आणि पायांतल्या दांड्याने धक्का पचवला. उसळताना वेग राहिला सेकंदाला ३८ सेंटिमीटर. पृथ्वीवर या वेगाने काही वर उडालं तर ते एक सेंटिमीटरही जात नाही, नखाएवढं उचललं जातं. तिथे फिली जवळजवळ एक किलोमीटर उंच गेलं आणि खाली यायला पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागला. वाटेत एका विवराच्या कडेला त्याचा पाय लागला आणि ते गरगरत दुसरीकडे वळलं. पुन्हा टेकलं, पुन्हा उठलं. साडेपाचच्या सुमारास ते एका कड्याच्या पायथ्याशी अडकून थांबलं. ते अगिल्किया नव्हतं. तिथून किलोमीटरभर दूर, कुठेतरी. पुढे त्या जागेला अबायडोस म्हटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहिला फोटो आला. समोर कडा, कोपऱ्यात यानाचा एक पाय. यान कलंडलेलं, एक पाय अधांतरी. सर्वांत वाईट बातमी उन्हाची होती. धूमकेतूचा दिवस साडेबारा तासांचा. त्यात सहा-सात तास ऊन मिळेल असं गृहीत धरलेलं, मिळत होतं जेमतेम दीड तास. पॅनेलं चालणार नव्हती. पण रचनाकारांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते या सगळ्या मोहिमेतला तो सर्वांत शहाणा निर्णय होता : पॅनेलांशी संबंध नसलेली, एकदाच वापरायची, साधारण अडीच दिवस पुरेल अशी एक बॅटरी. उतरल्यावर काय होईल सांगता येत नाही, तेव्हा महत्त्वाची कामं शिदोरीवर उरकायची आणि मग उन्हाची वाट बघायची. फिलीला ऊन मिळालंच नाही. शिदोरी होती.

पुढचे ५७ तास ही या मोहिमेची खरी कमाई. दहा उपकरणं, सगळी एकामागून एक चालवली. त्यात एक लांब दांडा होता, टोकाला हातोडा, पृष्ठभागात ठोकून आतलं तापमान मोजण्यासाठी. तो बाहेर काढला, टेकवला, ठोकायला सुरुवात केली. हलक्या ठोक्याने काही होईना, जोर वाढवला. पुन्हा वाढवला. शेवटी राखून ठेवलेला सर्वांत मोठा जोर लावला आणि हातोडाच मोडला. दांडा धुळीच्या पातळ थराखाली गेला नाही. उणे दीडशे अंशांच्या आसपासच्या त्या थंडीत खालचा बर्फ दगड झालेला होता. ड्रिलही पूर्ण लांब केलं, पण नमुना भट्टीत पोहोचलाच नाही. यान तिरकं, खाली बहुधा जमीनच नव्हती.

सर्वांत रंजक माप मात्र उपकरणाने न मागता आलं. पहिल्यांदा टेकताना जी धूळ उडाली, ती यानाच्या तळाशी असलेल्या नळ्यांत शिरली. यान वर उडालेलं असतानाच, टेकल्यापासून साधारण २५ मिनिटांनी, वासाचं काम करणाऱ्या यंत्राने ती हुंगली. त्यात १६ कार्बनी संयुगं सापडल्याचं २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली चार धूमकेतूवर पूर्वी कधी न दिसलेली. त्या चारांत एक नाव वाचून भारतीय वाचक थबकतो : मिथाइल आयसोसायनेट. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळवर जो वायू पसरला, तोच. एक रेणू, दोन पत्ते. धूमकेतूवर तो कारखान्याशिवाय बनतो, आणि प्रथिनांचे दुवे जोडण्याच्या रसायनात अशा रेणूंना भूमिका असू शकते म्हणून शास्त्रज्ञ त्याच्याकडे बघतात. ही यादी शेवटची मात्र समजू नये. रोझेटावरच्या उपकरणाच्या मोजमापांशी ताडल्यावर तिच्यातल्या काही नावांवर पुढे शंका घेतली गेली.

बॅटरी संपत आली तेव्हा शेवटची धडपड म्हणून यानाला जागेवरच चार सेंटिमीटर उचललं आणि ३५ अंश फिरवलं, मोठं पॅनेल उन्हाकडे यावं म्हणून. १५ नोव्हेंबरला, आपल्याकडे उजाडता उजाडता, फिली गप्प झालं.

इथे एक उलटा हिशेब सांगायला हवा. फिली ठरल्या जागी नीट बसलं असतं तर ऊन भरपूर मिळालं असतं, पण २०१५च्या मार्चच्या सुमारास, धूमकेतू सूर्याजवळ जाऊ लागताच, ते तापून बंद पडलं असतं. कड्याच्या सावलीत ते गारठून राहिलं आणि १३ जून २०१५च्या रात्री अचानक बोललं. ८५ सेकंद. नंतर ९ जुलैपर्यंत तुटक तुटक. सूर्याजवळ धूमकेतू धूळ उधळू लागला होता, रोझेटाला जवळ जाता येत नव्हतं. संपर्क टिकला नाही.

तोवर रोझेटाने वरून आपलं काम चालवलं होतं, आणि धूमकेतूबद्दल आज आपल्याला जे कळलं त्यातला मोठा वाटा त्याचा आहे, फिलीचा नाही. हे इथे सांगायला हवं. या धूमकेतूच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीवरच्या समुद्राच्या तिपटीहून जास्त आहे, तेव्हा आपलं पाणी अशाच धूमकेतूंनी आणलं हे म्हणणं अवघड झालं. रेणुरूपातला ऑक्सिजन सापडला, जो कोणाच्याच अपेक्षेत नव्हता. ग्लायसिन हे साधं अमिनो आम्ल सापडलं, फॉस्फरस सापडला. वासाचीही नोंद झाली : सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड आणि तबेल्याचा अमोनिया.

फिली कुठे आहे ते मात्र माहीत नव्हतं. रेडिओ लहरींवरून अंदाजाचा एक लांबट पट्टा आखला होता आणि त्यातला प्रत्येक पांढरा ठिपका बघून लोक थकले होते. रोझेटाची मोहीम ३० सप्टेंबर २०१६ला संपायची होती. २ सप्टेंबरला, म्हणजे संपायला महिनाही उरला नसताना, २.७ किलोमीटरवरून काढलेल्या एका फोटोत ते दिसलं. एका अंधाऱ्या खोबणीत आडवं पडलेलं, दोन पाय वर. फोटोतल्या एका ठिपक्यात पाच सेंटिमीटर मावत होते, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

शोधणाऱ्यांनी तरी पाठ सोडली नाही. मधे ते दुसऱ्यांदा जिथे टेकलं ती जागा हवी होती. चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाचा दांडा धक्का बसला की हलत असे. त्या हलण्याच्या नोंदी आणि फोटो जोडत २०२०मध्ये ती सापडली, दोन शिळांच्या मधे. यान तिथे जवळजवळ दोन मिनिटं घासत, आदळत होतं आणि त्याच्या डोक्याने बर्फात पाव मीटरचा ठसा उमटवला होता. धूळ घासली गेली आणि आतला ४५० कोटी वर्षांचा बर्फ उघडा पडला. त्या ठशावरून बर्फाची ताकद काढता आली. शोधगटाने स्वतःच उपमा दिली ती कॅपुचिनोवरच्या फेसाची. तो बर्फ फेसाहूनही मऊ आहे. आणि तिथून हाकेच्या अंतरावर हातोडा मोडला होता. मुद्दाम योजून हे माप कोणी घेऊ शकलं नसतं. यान धडपडलं म्हणून मिळालं.

रोझेटाही ३० सप्टेंबर २०१६ला चालण्याच्या वेगाने त्याच धूमकेतूवर उतरलं आणि बंद झालं. दोघं तिथेच आहेत, साडेसहा वर्षांत एकदा सूर्याला वळसा घालत. फिली उतरल्याला बरोबर सात वर्षं झाली त्या दिवशी, १२ नोव्हेंबर २०२१ला, धूमकेतू त्या फेरीतला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला होता. अंतर सव्वासहा कोटी किलोमीटरांच्या आसपास. पुढची सूर्यफेरी एप्रिल २०२८मध्ये.